नऊ पानांचा बायोडाटा आणि वरचं अर्धं पान

«ताई, नमस्कार. मी यावल तालुक्यातला. 2009 साली इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला आणि तेव्हापासून ठेकेदारांकडेच काम करतोय. कायमची नोकरी लागली नाही, आणि आता लागावी असं वाटतही नाही. आजवर लहान-मोठी 17 कामं झाली, बहुतेक औष्णिक वीज केंद्रांवर. काही दोन-दोन वर्षांची, काही महिना-दीड महिन्याचे शटडाऊन, म्हणजे संच बंद ठेवून करायची दुरुस्ती. एकेक काम संपलं की बायोडाट्याला खाली जोडत गेलो, तो आता नऊ पानांचा झालाय. मागच्या महिन्यात एक एजन्सी म्हणाली, एका पानात द्या. माझे जुने साइट इन्चार्ज म्हणतात, एक ओळही काढू नको, अनुभवाचं वजन दिसलं पाहिजे. पुतण्या पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये कंत्राटावर आहे, तो म्हणतो दोन पानं, त्याच्यापुढे कोणी वाचत नाही. तिघंही माझ्या भल्याचंच सांगतात. चार महिने झाले, घरी आहे. केळीचं बघतो, पण मन साइटवर आहे. बायोडाटा सोबत पाठवतोय. किती पानं ठेवू? आणि खरं सांगतो ताई, भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राचं पहिलं काम काढायला हात धजत नाही. तिथेच शिकलो.»

भाऊ, आधी उत्तर सांगते, मग कारण. दोन पानं. आणि 17 कामांची एक वेगळी यादी, एका पानाची, मागितली तरच द्यायची. दोनाची अडीच झाली तर जीव खालीवर करू नका, पण नऊ नकोत आणि एकही नको.

तुम्ही पाठवलेली नऊच्या नऊ पानं मी दोनदा वाचली. पहिल्यांदा एजन्सीत वाचायचे तशी, भराभर. दुसऱ्यांदा सावकाश, चहा घेऊन. दोन्ही वाचनांत दोन वेगळी माणसं दिसली. भराभर वाचताना दिसला एक डिप्लोमावाला, ज्याला वाचनाची आणि क्रिकेटची आवड आहे आणि ज्याला दहावीत किती टक्के होते ते मला कळलं. सावकाश वाचताना पाचव्या पानावर पोचले तेव्हा कळलं की हा माणूस कोराडीला होता, सोलापूरला होता, खरगोनला होता आणि शेवटी आपल्याच भुसावळच्या नव्या संचावर होता. म्हणजे 660 मेगावॉटचे चार प्रकल्प! ही गोष्ट पाचव्या पानावर? भाऊ, मला त्या रात्री खरंच चुटपुट लागली.

ती का लागली ते सांगते. नाशिकला मी मॅनपॉवर एजन्सीत बरीच वर्षं बायोडाटे निवडायचं काम केलं. 2016 च्या सुमाराची गोष्ट. दुपारी चारच्या आसपास साइटवरून निरोप आला: सुपरक्रिटिकल, म्हणजे 660 मेगावॉटच्या नव्या प्रकारच्या संचावर काम केलेले सहा इन्स्ट्रुमेंटवाले हवेत, नावं आज संध्याकाळपर्यंत. माझ्यासमोर सत्तरेक बायोडाटे. एकेकाला किती वेळ मिळणार, तुम्हीच हिशेब करा. मी पहिलं पान बघायचे, तिथे काही लागलं तर उलटायचे, नाहीतर डावीकडच्या गठ्ठ्यात. सहा नावं गेली. त्यातल्या दोघांना 660 चा अनुभव नव्हताच, जवळपासचा होता म्हणून मी पाठवले. तीन आठवड्यांनी फाइली लावताना डावीकडच्या गठ्ठ्यातला एक बायोडाटा निवांत हाती आला. चोपड्याकडचा माणूस. सातव्या पानावर, अगदी खाली, त्याचा 660 चा दीड वर्षाचा अनुभव. मी लगेच फोन केला. तो म्हणाला, «ताई, मी वाट पाहिली अन् कारखान्यात लागलो, निम्म्या पगारावर.» मी त्याला विचारलं, वर का नाही लिहिलं हो? तर म्हणाला, «बठ्ठं लिखेल शे ना ताई.»

खरंच सगळं लिहिलेलं होतं. चूक त्याची होती तेवढीच माझीही होती, आणि तेव्हापासून कोणाचाही बायोडाटा हातात आला की मी शेवटच्या पानापासून सुरुवात करते. पण बाकीचे लोक तसं करत नाहीत, आणि त्यांनी करावं अशी आशाही धरू नका.

आता 660 चं एवढं काय, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, तुम्ही ते हातानं केलंय. पण जे वाचक या क्षेत्रातले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन्या 210 किंवा 500 मेगावॉटच्या संचात बॉयलरला ड्रम असतो, पाणी आणि वाफ तिथे वेगळी होतात आणि ड्रममधली पातळी सांभाळणं हा इन्स्ट्रुमेंटवाल्याच्या जिवाचा विषय असतो. सुपरक्रिटिकल संचात वाफेचा दाब साधारण 221 बारच्या वर जातो. तिथे पाणी आणि वाफ असा भेदच उरत नाही, म्हणून ड्रमही नसतो. पाण्याचं नियंत्रण, संच सुरू करायची पद्धत, लॉजिक, सगळंच निराळं. म्हणूनच साइटवाले नुसता «बॉयलरचा अनुभव» न विचारता «660 केलंय का» असं विचारतात. खरगोनचा संच तर देशातला पहिला अल्ट्रा-सुपरक्रिटिकल, म्हणजे त्याहूनही जास्त दाब आणि तापमानाचा. ज्या एका शब्दावर तुमची निवड व्हायची किंवा राहायची, तो शब्द तुमच्या कागदावर दहावीच्या मार्कांच्या चार पानं मागे उभा आहे.

आता तुमच्या नऊ पानांचं खरं कारण. तुम्हाला वाटतं 17 कामं म्हणून नऊ पानं झाली. तसं नाहीये. मी मोजलं. प्रत्येक कामाखाली तुम्ही ज्या ओळी लिहिल्यात त्या जवळजवळ सारख्याच आहेत: रिस्पॉन्सिबल फॉर ऑल इन्स्ट्रुमेंटेशन वर्क, कॅलिब्रेशन ऑफ ऑल टाइप्स ऑफ ट्रान्समीटर, प्रेशर गेज, टेम्परेचर गेज, मॅनपॉवर हँडलिंग, कोऑर्डिनेशन विथ क्लायंट, सेफ्टी. एकदा लिहिलं आणि पुढे सगळीकडे कॉपी करून चिकटवलं. म्हणजे नऊ पानांत एकाच कामाचं वर्णन 17 वेळा आहे, 17 कामांचं वर्णन कुठेच नाही. वाचणाऱ्याला वाटतं हा माणूस सगळीकडे एकच गोष्ट करत होता. आणि तुम्ही तर दीपनगरला केबल ओढण्यापासून सुरू करून खरगोनला बॉयलर पहिल्यांदा पेटवण्यापर्यंत, म्हणजे लाइट-अपपर्यंत पोचलेले आहात. हा प्रवास त्या कागदावर दिसत नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. पानांचं काय, ती कमी होतील.

खरगोनची नोंद कशी लिहावी ते इथे मराठीत दाखवते, तुम्ही इंग्रजीतच लिहा. (बाकी वाचकांसाठी: कमिशनिंग म्हणजे उभारलेली यंत्रणा तपासून चालू करून देणं, लूप म्हणजे एका मोजमापाची सेन्सरपासून कंट्रोल रूमपर्यंतची साखळी, इम्पल्स पाइप म्हणजे मोजणाऱ्या यंत्रापर्यंत दाब नेणारी बारीक नळी.) आकडे आणि तारखा माझ्या नमुन्याच्या आहेत, तिथे तुमच्या खऱ्या घाला:

«खरगोन, 2×660 मेगावॉट, अल्ट्रा-सुपरक्रिटिकल. फेब्रुवारी 2018 ते ऑगस्ट 2019. बॉयलर बाजूची इन्स्ट्रुमेंटेशन कमिशनिंगची जबाबदारी, हाताखाली 6 टेक्निशियन. साधारण 900 लूपची तपासणी, कंट्रोल व्हॉल्व्हचं स्ट्रोकिंग, बर्नर मॅनेजमेंटच्या इंटरलॉकच्या चाचण्या. सेपरेटर लेव्हलचं रीडिंग हलत होतं, इम्पल्स पाइपचा उतार चुकलेला सापडला, पाइप बदलून घेऊन लाइट-अपच्या आधी दुरुस्त केलं.»

पाच-सहा ओळी झाल्या. पण वाचणारा जर स्वतः साइटवर वाढलेला असेल, तर «इम्पल्स पाइपचा उतार» वाचून तो थांबतो. कारण तो उतार स्वतः न बघता नुसत्या कागदावर काम केलेल्याला हे वाक्य लिहिता येत नाही. प्रत्येक मोठ्या कामात असं एक तरी घडलेलं असतं. तुमच्याही घडलेलं आहे, तुम्ही ते ओट्यावर बसून मित्रांना सांगत असाल, फक्त बायोडाट्यात लिहायचं असतं हे कोणी सांगितलं नाही. स्वतःला एवढंच विचारा: मी तिथे गेलो तेव्हा काय अपुरं होतं, आणि मी निघालो तेव्हा काय चालू होतं? कायम नोकरीवाल्याच्या बायोडाट्यात बढत्या बघतात. ठेकेदारीवरच्या माणसाच्या बायोडाट्यात पूर्ण केलेली कामं बघतात, आणि कुठल्या टप्प्यावर तो आला आणि कुठल्या टप्प्यावर सोडून गेला ते बघतात. तुम्ही कमिशनिंगपर्यंत थांबलात की उभारणीतच पळालात, हे बघणाऱ्याला सगळ्यात आधी हवं असतं.

अशा सविस्तर नोंदी फक्त चार किंवा पाच. शेवटचं काम सगळ्यात वर, मग त्याच्या आधीचं. तुम्ही 2010 पासून सुरू करून खाली खाली येता, ते उलटं करा. साधारण मागच्या सात-आठ वर्षांतली मोठी कामं सविस्तर, त्याच्या आधीची प्रत्येकी एक ओळ. आणि शटडाऊनची सुटी नोंद अजिबात नको. «2013 ते 2016: परळी, एकलहरे, पारस येथील वार्षिक ओव्हरहॉल, एकूण सहा शटडाऊन, ट्रान्समीटर आणि कंट्रोल व्हॉल्व्ह». झालं. सहा शटडाऊनची तुमची अडीच पानं दोन ओळींत आली, आणि एकही काम लपलं नाही. उलट, सहा वेळा बोलावलं म्हणजे माणूस भरवशाचा, हे या दोन ओळींत जास्त उठून दिसतं.

तुम्ही केळीवाले आहात म्हणून सांगते. घड निसवला की खालचं केळफूल तुम्ही मोडता, खालच्या बारीक फण्या काढता, आठ-नऊ ठेवता. नवा माणूस बघतो तेव्हा त्याला वाटतं, हातानं माल कमी केला. तुम्हाला माहीत असतं की वरच्या फण्या भरायच्या असतील तर खालच्यांवर अन्न खर्च करून चालत नाही. फण्यांची विरळणी तुम्ही डोळे झाकून करता. बायोडाट्याच्या वेळी मात्र केळफूलसुद्धा ठेवलंय, खालच्या टोकाला अजून लटकतंय.

ते केळफूल म्हणजे काय, तर शेवटचा «आय हिअरबाय डिक्लेअर» वाला परिच्छेद, ठिकाण, तारीख, सही. काढा. त्या घोषणेनं कोणाचं काम झालेलं मी पाहिलं नाही. वडिलांचं नाव, जन्मगाव, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद हेही काढा. आपल्याकडे लग्नाचा बायोडाटा आणि नोकरीचा बायोडाटा यांना एकच शब्द आहे, त्यामुळे एकातलं दुसऱ्यात येतं, दोष कोणाचा नाही. दहावी-बारावीच्या मार्कांचा तक्ता काढा, डिप्लोमाची एक ओळ पुरे. आणि एक गोष्ट मात्र आजच काढा, बाकीचं उद्या केलं तरी चालेल: आधार आणि पॅनचा नंबर. तुम्ही दोन्ही छापलेत. हा कागद किती फोनांवर फिरतो याचा पत्ता तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. हे नंबर निवड झाल्यावर गेटपासच्या वेळी द्यायचे, त्याआधी नाही. जुन्या साहेबांचे मोबाइल नंबर रेफरन्स म्हणून छापलेत, तेही काढा. मागितले की द्या, आणि देण्याआधी त्यांना एक फोन करून विचारा.

आता तिघांच्या सल्ल्याबद्दल, कारण तुम्ही त्यात अडकून बसलात असं वाटतं.

तुमचे साइट इन्चार्ज चुकीचं बोलत नाहीत, ते त्यांच्या काळातलं बोलतात. तेव्हा माणूस स्वतः फाइल घेऊन साइटच्या ऑफिसात जायचा, साहेबांसमोर बसायचा. साहेब दाखले उलटत उलटत विचारायचे, इथे कोण होतं, तिथे काय केलं. फाइल जाड असेल तर बोलणं लांबायचं आणि बोलण्यातून काम मिळायचं. आजही अशी ओळखीची जागा असेल तर जाड फाइल घेऊन जरूर जा. पण आज तुमचा कागद तुमच्या आधी जातो आणि तुम्ही सोबत नसता. पुतण्याचं दोन पानांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त त्याचं कारण वेगळं आहे. त्याच्याकडे बायोडाटा आधी सॉफ्टवेअर वाचतं, मग माणूस, आणि जुनं तंत्र लवकर शिळं होतं. तुमच्याकडे ट्रान्समीटर शिळा होत नाही. म्हणूनच 17 कामांची वेगळी यादी तुम्हाला लागेल, त्याला लागणार नाही. मोठे ठेकेदार आणि परदेशातल्या कामाच्या एजन्सी ती मागतात. यादीत फक्त रकाने ठेवा: ठिकाण, संचाची क्षमता, कोणाच्या पगारावर, कधी ते कधी, कुठला टप्पा. वर्णन शून्य.

राहिली एका पानावाली एजन्सी. तिच्याशी वाद घालू नका आणि तिच्यासाठी वेगळा बायोडाटाही बनवू नका. तुमचं पहिलं पान असं करा की दुसरं हरवलं तरी ते एकटं उभं राहील. मग एक मागणाऱ्याला एक द्या, दोन मागणाऱ्याला दोन.

या पहिल्या पानावर, आणि त्यातही वरच्या अर्ध्या भागावर, मी तुमची सगळी मेहनत मागते आहे. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवून बघा, उघडायच्या आधी जे चौकोनात दिसतं ते हेच वरचं अर्धं पान असतं. साइटवर उभा असलेला माणूस, एका हातात वॉकी-टॉकी, दुसऱ्या हातात फोन, तेवढंच बघून ठरवतो की उघडायचं की नाही. तिथे आज तुमचं «टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्न्मेंट» आहे. त्या जागी हे येऊ द्या:

नाव. मोबाइल नंबर. गाव आणि जिल्हा, पूर्ण पत्ता नको. मग एक ओळ: «इन्स्ट्रुमेंटेशन कमिशनिंग, औष्णिक वीज केंद्रं, 2010 पासून. 660 मेगावॉटचे चार प्रकल्प: भुसावळ, खरगोन, सोलापूर, कोराडी.» त्याखाली तुम्ही कुठल्या डीसीएसवर, म्हणजे संच चालवणाऱ्या संगणकी नियंत्रण यंत्रणेवर, काम केलंय त्यांची नावं, कंपनीच्या नावासकट, आणि जी नीट येतात तीच. एखाद्याच्या स्क्रीनकडे नुसतं बघितलं असेल तर लिहू नका. मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं आणि मग खऱ्या चार गोष्टींवरही विश्वास बसत नाही. त्याखाली «लगेच उपलब्ध, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात कुठेही». ही उपलब्धतेची ओळ तुमच्या नऊ पानांत कुठेच नाही! शटडाऊनसाठी माणूस शोधणारा सगळ्यात आधी हेच शोधतो. आला तर कधी येईल.

यावरून तुमच्या चार महिन्यांचं. पत्रात तुम्ही ते असं लिहिलंय जसं काही कबूल करताय. त्यात कबूल करण्यासारखं काही नाही, भाऊ. ठेकेदारीत दोन कामांमध्ये खंड पडतोच, निवडणाऱ्याला तो माहीत असतो. तो झाकायला शेवटच्या कामाची तारीख पुढे ढकलू नका. पूर्वी चालून जायचं, आता नाही. 2014 पासून पीएफला यूएएन नंबर आला आणि तुमच्या प्रत्येक ठेकेदाराचं नाव, लागल्याची आणि सोडल्याची तारीख त्या एका नंबराखाली दिसते. मोठी कंपनी तपासणी करते तेव्हा बायोडाट्यातल्या तारखा त्याच्याशी ताडून बघते.

इथेच तुमच्या बायोडाट्यातली एक खरी अडचण दिसली, तीही सांगते. तुम्ही सगळीकडे मोठ्या कंपनीचं नाव लिहिलंय, जणू तुम्ही थेट तिचेच नोकर होता. पीएफवर मात्र सब-कॉन्ट्रॅक्टरचं नाव असणार. तुम्ही खोटं बोलायला गेला नव्हता हे मला कळतं, साइटवर सगळे तसंच बोलतात, «मी अमक्यात होतो». पण तपासणीत नाव जुळलं नाही की सरळ शेरा बसतो. म्हणून दोन्ही लिहा: साइट कोणाची, पगार कोणाचा. «सोलापूर 2×660 मेगावॉट, पगार अमुक ठेकेदाराचा». यात कमीपणा नाही. एवढ्या ठेकेदारांनी तुम्हाला घेतलं, काहींनी पुन्हा बोलावलं, ही तुमची कमाई आहे.

यूएएनच्या पोर्टलवर जाऊन सर्व्हिस हिस्टरी आधी काढा, ती समोर ठेवा आणि मगच तारखा लिहा. महिना आणि वर्ष दोन्ही. नुसतं «2018 – 2019» लिहिलं तर तो डिसेंबर ते जानेवारीही असू शकतो, वाचणारा वाईटच अर्थ घेतो. ज्या जुन्या ठेकेदारांनी पीएफ भरलाच नाही, त्यांच्यासाठी अनुभवाचा दाखला, जुना गेटपास, बँकेत आलेला पगार, जे सापडेल ते एका फाइलीत ठेवा. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या केंद्रीय नियमांत काम संपल्यावर ठेकेदारानं सेवा दाखला द्यायची तरतूद होती. पण किती जणांनी दिला आणि आपण तरी किती जणांनी मागितला! यापुढे साइट सोडायच्या दिवशी, हिशेब घेतानाच दाखला मागा. नंतर फोन लागत नाही, लागला तर उचलत नाहीत.

दिसण्याचं पटकन सांगते. अक्षर अकराच्या खाली नेऊ नका. नऊ पानं दोन पानांत कोंबण्यासाठी अक्षर बारीक करणारे मी पाहिलेत, तो कागद चष्मेवाला साहेब बाजूला ठेवतो. रंगीत पट्ट्या, दोन रकाने, चौकटी नकोत, एजन्सीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा चुथडा होतो. फोटो मागितला तरच. पाठवताना पीडीएफ, पण वर्डची फाइलही तयार ठेवा, एजन्सी तुमचा नंबर काढून स्वतःचं नाव वर टाकून पुढे पाठवते. फाइलला स्वतःचं नाव आणि काम द्या. तुमच्या फाइलचं नाव «न्यू बायोडाटा फायनल 3» आहे, शंभर फायलींत ती कोणाला सापडणार?

पत्राच्या कडेला आडव्या ओळीत, जी वर छापलेली नाही, तुम्ही विचारलंय की साक्री-दोंडाईचाकडे सोलर आणि पवनचक्क्यांची कामं आहेत, तिकडेही हाच बायोडाटा चालेल का. दुसरं पान तेच चालेल. पहिल्या पानाचा वरचा भाग बदला. तिथे त्यांना 660 चं कौतुक नाही. त्यांना स्काडा (दूरच्या यंत्रांवर संगणकावरून लक्ष ठेवणारी यंत्रणा), केबल, अर्थिंग, सेन्सर आणि दूरवरच्या साइटवर एकट्यानं काम निभावणारा माणूस हवा असतो. ते सगळं तुम्ही केलंय, फक्त वर आणा. दोन फायली ठेवा, एक वीज केंद्राची, एक सोलरची.

एवढं सगळं एका बैठकीत होणार नाही. माझ्या मते तीन संध्याकाळी लागतील. पहिल्या संध्याकाळी फक्त 17 कामांची यादी करा, पीएफच्या तारखा बघून. दुसऱ्या संध्याकाळी पाच मोठी कामं निवडा आणि प्रत्येकातली एक अडचण आठवा. यासाठी त्या वेळच्या गँगमधल्या एखाद्याला फोन करा, तुम्ही विसरलेलं त्याला आठवत असतं. तिसऱ्या संध्याकाळी लिहा. लिहून झालं की घरात ज्याला इन्स्ट्रुमेंटेशनमधलं काही कळत नाही अशा कोणाला वरचं अर्धं पान अर्धा मिनिट दाखवा, कागद काढून घ्या आणि विचारा, हा माणूस काय करतो? वहिनी जर «मोठ्या वीज केंद्रांत यंत्रं चालू करून देतो, आणि आत्ता मोकळा आहे» असं म्हणाल्या, तर काम झालं. «शिकलेला आहे» असं म्हणाल्या तर पुन्हा लिहा.

आता दीपनगर. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तुमचं पत्र मला त्या एका ओळीमुळे लक्षात राहिलं. हात धजत नाही असं तुम्ही लिहिलंत. धजू नका, काढू नका. तुमच्या बाबतीत तर ते नुसत्या मायेपोटी ठेवायचं काम नाही. जिथे 500 मेगावॉटच्या संचाच्या उभारणीत तुम्ही केबल ओढली, त्याच आवारात दहा-बारा वर्षांनी 660 च्या संचावर तुम्ही कमिशनिंगला उभे होता. हे पहिल्या पानावर नाही, पण दुसऱ्या पानाच्या तळाशी, कामांच्या शेवटी, एका ओळीत बसतं. तेव्हाची ती अर्ध्या पानाची नोंद काढून मी तिथे एवढंच लिहीन:

«दीपनगर, भुसावळ, 2×500 मेगावॉट. 2010 ते 2012. इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन: केबल ओढणं, ग्लँडिंग, टर्मिनेशन, लूप तपासणी. पहिली साइट.»